गाडीखालचा डाग आणि कश्मीरी गेटची वाट

तुम्ही तुमच्या गाडीखाली शेवटचं कधी वाकून पाहिलं होतं? गाडीची काच आपण पुसतो, डॅशबोर्डवर गणपती बसवतो, सीटला नवी कव्हरं घालतो. पण गाडी हलल्यावर मागे राहिलेल्या जमिनीकडे कोण बघतं? मीही बघत नव्हते. जुलै २०२५ मधल्या एका सकाळी आईने हाक मारली, ''अगं, खाली ये जरा. गाडीखाली काहीतरी सांडलंय.''

आम्ही गाझियाबादच्या वैशालीत राहतो. बाबा नोकरीच्या निमित्ताने नाशिकहून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. आता निवृत्तीनंतर त्यांना परत नाशिकला जायचं होतं, आणि तेही स्वतः गाडी चालवत. आमची छोटी पेट्रोल गाडी डिसेंबर २०१० मधली. म्हणजे तिला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला पाचच महिने राहिले होते.

दिल्ली एनसीआरमध्ये राहणाऱ्यांना या पंधरा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको. दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर अशा गाड्यांना इंधन द्यायचं नाही, असाही आदेश निघाला. तो काही दिवसांतच थांबवला गेला, ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असंही सांगितलं. पण त्या जुलैत आमच्या सोसायटीत प्रत्येक जुन्या गाडीकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते. अशात आमच्या गाडीखाली डाग!

बाबा काही बोलले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही. बाल्कनीतून त्यांनी एवढंच विचारलं, ''कुठल्या रंगाचा आहे?''

तो प्रश्न किती बरोबर होता, ते मला नंतर कळलं.

डाग कसला ते आधी ओळखा

दिल्लीच्या उन्हाळ्यात गाडीखाली ओल दिसली की ऐंशी टक्के लोक म्हणतात, ''एसीचं पाणी असेल.'' मीही तेच म्हटलं. पण बाबांनी माळ्यावरून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काढायला लावला. रात्री तो गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवला आणि चाकांच्या जागी पेनाने खुणा केल्या.

सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग होते. एक नुसता ओलसर, तो दुपारपर्यंत वाळून गेला. ते खरंच एसीचं पाणी होतं. दुसरा रुपयाएवढा, मधासारखा, चिकट. टिश्यू पेपरवर घेतला तर पसरेना. वास घेतला आणि नाक मुरडलं. गंधकासारखा, सडक्या लसणासारखा उग्र वास.

''गिअर ऑइल,'' बाबा म्हणाले.

गाडीत तऱ्हेतऱ्हेचे द्रव असतात आणि प्रत्येकाची ओळख वेगळी. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा केशरी आणि पाण्यासारखा पातळ. ब्रेक ऑइलही पातळ, फिकट, आणि रंगावर पडलं तर रंग उडवणारं. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल जाडसर असतं. दातांवर प्रचंड दाब येतो म्हणून त्यात गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात, आणि तो वास त्यांचाच. एकदा घेतला की आयुष्यभर विसरत नाही.

मुद्दा असा, की छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हे ऑइल जेमतेम दोन लिटरच्या आसपास असतं. इंजिन ऑइलसारखी त्याची पातळी बघायची कांडीही बहुतेक गाड्यांत नसते आणि डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. थेंब थेंब गळत राहिलं तर आधी गिअर जड पडतात, मग गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि शेवटी बेअरिंग आणि दात झिजतात. आणि आम्हाला तर बाराशे किलोमीटरहून जास्त जायचं होतं.

''गिअरबॉक्स उतरवावा लागेल''

जवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. मुलाने मोबाइलचा टॉर्च लावून खालून पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ''बेल हाउसिंग से आ रहा है. इनपुट सील गई. गिअरबॉक्स उतरेगा, साथ में क्लच भी डलवा लो.'' अंदाज सोळा हजारांचा. वर सल्ला, ''पुरानी गाड़ी है मॅडम, पैसा मत लगाओ. स्क्रॅप में दे दो.''

बेल हाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात ते घंटेच्या आकाराचं कवच. त्याच्या आत क्लच असतो. तिथलं सील बदलायचं तर खरंच पूर्ण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणजे मुलगा काही अशक्य बोलत नव्हता.

त्या रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले, ''जाऊ दे. रेल्वेने जाऊ.'' आई काही न बोलता भात वाढत राहिली. याच गाडीतून मला बारावीच्या परीक्षेला सोडलं होतं, याच गाडीतून आजीला शेवटचं हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. बाबांनी 'जाऊ दे' म्हटलं की त्यांना ती गोष्ट फार हवी असते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

मी रोज ऑफिसात 'पाच सोप्या टिप्स' लिहून पोट भरते. म्हटलं, एकदा तरी एखादी टिप स्वतः वापरून पाहू. दुसरं मत घ्यायचं ठरवलं.

आधी आंघोळ, मग तपासणी

वसुंधरेच्या बाजूला पिंपळाखाली एक म्हातारे मेकॅनिक बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. जमिनीत खणलेला पिट, दोन स्टुलं, एक रेडिओ, एवढाच पसारा. मी सोळा हजारांची गोष्ट सांगितली. त्यांनी गाडीखाली पाहिलंही नाही. म्हणाले, ''बेटा, पहले नहला के लाओ. मैली गाड़ी में सब जगह लीक दिखती है.''

गळती शोधण्याचं पहिलं सूत्र हेच. तेल जिथून निघतं तिथे थेंब पडत नाही. ते कवचावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. गाडी धावत असली की वारा त्याला मागे ढकलतो. त्यावर धूळ बसते आणि सगळीकडे सारखंच काळं दिसतं. म्हणून खालचा ओला भाग पाहून निदान करायचं नाही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधायचा.

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी पिटमध्ये उतरून गिअरबॉक्सवर डिग्रीजर फवारलं, ब्रशने घासलं, धुतलं, कोरडं केलं. मग खिशातून काय काढलं असेल? साधी टाल्कम पावडर! तिचा पातळ थर कवचावर भुरभुरला आणि मला म्हणाले, ''जा, बीस किलोमीटर चला के आ. सारे गिअर लगाना.''

मी अक्षरधामपर्यंत जाऊन परत आले. यमुनेवरून ढग येत होते आणि मी पावसाला हात जोडत होते, कारण पाऊस आला असता तर सगळी मेहनत वाहून गेली असती. परत आल्यावर उस्ताद खाली उतरले आणि पाच मिनिटांनी मलाही बोलावलं.

पांढऱ्या पावडरीवर एक तपकिरी रेघ उमटली होती. ती बेल हाउसिंगच्या सांध्यातून नव्हे, तर त्याच्या शेजारून, उजव्या चाकाकडे जाणारा दांडा जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथून सुरू होत होती. तिथून तिरकी खाली येऊन ती बरोबर बेल हाउसिंगच्या तळाशी थांबली होती. गॅरेजातल्या मुलाने पाहिला तो थेंब इथलाच. त्याने थेंब बरोबर पाहिला, पण उगम चुकला.

''क्लच फिसलता है?'' उस्तादांनी विचारलं. नाही. ''जलने की बू?'' नाही. आतलं सील गेलं असतं तर तेल क्लचवर जाऊन तो घसरू लागला असता. आमचं गळत होतं ते दांड्याचं सील, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील. बांगडीएवढी रबराची रिंग. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. तेल काढायचं, दांडा बाहेर ओढायचा, जुनं सील काढून नवं बसवायचं.

''सील तुम ले आओ,'' उस्ताद म्हणाले. ''कश्मीरी गेट से. असली लाना. दोनों तरफ़ का लाना.''

कश्मीरी गेट : सुट्या भागांचं गाव

वैशालीहून ब्लू लाइनने मंडी हाउस, तिथे बदलून व्हायोलेट लाइन. दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला आणि मग कश्मीरी गेट. रेड, यलो आणि व्हायोलेट अशा तीन लाइन इथे एकत्र येतात, त्यामुळे गर्दी भरपूर. बाहेर पडताना पाट्या नीट वाचा, नाहीतर माझ्यासारखे बस अड्ड्याच्या बाजूला निघाल.

इथला बाजार गाड्यांच्या सुट्या भागांचा, आणि तो देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. निकल्सन रोड, मोरी गेट, आसपासच्या गल्ल्या. दुकानं इतकी चिंचोळी की मालक आत आणि माल बाहेर. एकीकडे नुसते गॅस्केट टांगलेले, जणू काळ्या पापडांच्या माळा. दुसरीकडे बेअरिंग, पुढे हेडलाइट, त्यापुढे सायलेन्सर. डोक्यावर बंपर घेऊन माणूस धावतो आहे, हातगाडीवर रेडिएटर चालले आहेत, आणि मध्येच एक जण शांतपणे छोले कुलचे विकतो आहे.

मी पहिल्याच दुकानात विचारलं, ''गिअरबॉक्स का सील है?''

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. ''कौन सी गाड़ी? कौन सा साल? राइट का कि लेफ्ट का?'' माझी बोलती बंद. नशीब, बाबांनी आरसीचा फोटो मोबाइलवर पाठवून ठेवला होता.

तुम्ही कधी गेलात तर हे लक्षात ठेवा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर जवळ हवा. सीलवर तीन आकडे छापलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. डाव्या आणि उजव्या बाजूची सीलं अनेकदा वेगळी असतात. काहींवर दांडा कुठल्या दिशेने फिरतो त्याचा बाणही असतो. दिसायला सारखं म्हणून उचललं तर पुन्हा गळणारच. एकाच भागाच्या तीन किमती सांगितल्या जातील, कारण इथे असली, 'असलीसारखा' आणि नकली असे तिन्ही शेजारी शेजारी राहतात. पाकीट, होलोग्राम आणि पार्ट नंबर तपासा, पक्कं बिल मागा. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.

चौथ्या दुकानात डाव्या बाजूचं सील मिळालं. उजव्याचं गोदामातून येणार होतं. ''एक घंटा लगेगा मॅडम, घूम आओ.''

एका तासाचा फेरफटका

म्हणून मी फिरायला निघाले. बाजाराच्या गोंगाटातून दहा मिनिटांत तुम्ही कश्मीरी गेटच्या मूळ दरवाजापाशी पोचता. दोन कमानींचा हा दरवाजा ब्रिटिश लष्करी अभियंता रॉबर्ट स्मिथ याने १८३५ मध्ये बांधला. १४ सप्टेंबर १८५७ ला इंग्रजी फौजेने सुरुंग लावून तो फोडला आणि शहरात शिरली. तोफगोळ्यांच्या खुणा भिंतीवर अजून दिसतात.

जवळच पिवळसर घुमटाचं सेंट जेम्स चर्च आहे. हे १८३६ मध्ये पूर्ण झालं आणि बांधलं जेम्स स्किनरने. मराठी वाचकाने इथे जरा थांबावं, कारण हा स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठ्यांचं युद्ध पेटलं तेव्हा तो तिकडून निघाला आणि इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. मी सकाळी मेट्रोने आले ती वाट त्याच पटपडगंजजवळून जाते. रोज जाते. कधी लक्षातच आलं नव्हतं.

चर्चच्या आवारात झाडं आहेत, सावली आहे आणि बाहेरच्या हॉर्नचा आवाज तिथे कमी पोचतो. बाबांना फोन केला आणि कुठे आहे ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, ''आपण जाणार तो रस्ताही शिंद्यांच्या ग्वाल्हेरवरूनच जातो.''

'आपण जाणार' हे शब्द मी नीट ऐकले.

सील बदललं, पण कारण?

दोन्ही सीलं मिळून ३४० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी काम सुरू केलं. जुनं सील हातात घेऊन त्यांनी वाकवलं तर ते प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. ''बुढ़ापा,'' ते म्हणाले. पण तिथे थांबले नाहीत. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूची एक छोटीशी टोपी त्यांनी काढून दाखवली. ती मातीने पूर्ण बुजली होती.

तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर जाते. ती बुजली तर हवा दुसरी वाट शोधते आणि सीलच्या कडेने तेल बाहेर ढकलते. एनसीआरची धूळ आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरचा चिखल, दोन्ही तिच्यावर बसत राहतात. ब्रीदर साफ केला नसता तर नवं सीलही लवकरच गळू लागलं असतं.

काढलेलं तेल त्यांनी बाटलीत भरून वेगळं ठेवलं, नालीत ओतलं नाही. ते काचेच्या ग्लासात धरून पाहिलं. दुधाळ असतं तर आत पाणी शिरल्याची खूण. आमचं काळपट होतं, पण स्वच्छ. नवं तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचंच घातलं. दुकानात 'जीएल-५ डालो, ज़्यादा अच्छा है' असा सल्ला मिळाला होता. पण पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घ्या, कारण काही जीएल-५ तेलांतली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. तेल भरायच्या बोळाच्या खालच्या कडेपर्यंत पातळी आली की थांबायचं. जास्त भरलं तरी गळतं.

सील, तेल, मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर

रात्री स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि चाकांच्या खुणा करा. रंग, दाटपणा आणि वास बघा, फोटो काढून ठेवा.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः कधीही शिरू नका. ते काम पिट किंवा लिफ्ट असलेल्या मेकॅनिककडे.

मोठा खर्च सांगितला तर म्हणा, ''आधी धुऊन कोरडं करू, मग वीस किलोमीटर चालवून पुन्हा बघू.'' चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

दांड्यांची सीलं, ड्रेन प्लगचं वॉशर, गिअर बदलणाऱ्या दांडीचं सील आणि रिव्हर्स लाइटचा स्विच या जागा आधी तपासायला सांगा. या सगळ्या गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतात. इनपुट सीलची वेळ त्यानंतर.

सील बदलताना ब्रीदर साफ करायची आठवण करा.

जुनी गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र वेळेत घ्या. वयाचे नियम बदलत असतात, ताजी माहिती तिथूनच घ्या.

पुठ्ठा गाडीत

दसरा झाल्यावर आम्ही निघालो. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे. बाबांनी डिकीत सामानाच्या आधी काय ठेवलं असेल? तोच फ्रिजचा पुठ्ठा, नव्या बाजूने.

पहिला मुक्काम ग्वाल्हेरला. रात्री लॉजच्या आवारात मी तो गाडीखाली सरकवला. सकाळी आई माझ्याआधी खाली गेली होती. साडी सावरत, वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून ती बघत होती. बाबा खिडकीत उभे होते.

''कुठल्या रंगाचा?'' त्यांनी वरून विचारलं.

''कोरडा आहे हो,'' आई म्हणाली. ''चला, चहा घेऊन निघू.''